‘आरंभ’चे एकेचाळीस प्रश्न

२ जानेवारी, सकाळी ७.१०

आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, क्रमाने:

माझ्या दुरुस्तीच्या दुकानातले टेबल (सागवानी, एक पाय नंतर बसवला). घराची बेल (एकदा दाबली की दोनदा वाजते, म्हणजे आत ऐकू गेली नाही अशी सबब उरत नाही). हिच्या शिवणयंत्राला मोटर. (ही अजून पायानेच चालवते, तो तिचा प्रश्न.) माळ्यावर चढायची घडीची शिडी. ताईच्या जुन्या टायपरायटरची स्प्रिंग, सायकलच्या तारेपासून. तीन रेडिओ, त्यातले दोन चालू. आणि गेल्या चार वर्षांत, कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता, एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम. नाव ‘आरंभ’.

गाभा माझा नाही, हे मी कधीच लपवलेले नाही. तो जगभरच्या लोकांनी लिहून सगळ्यांना मोकळा ठेवला आहे. कोणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा. पण गाभा म्हणजे कच्ची भिंत. दारे, खिडक्या, पाट्या, सूचना, रंग हे सगळे माझे. (रंग: राखाडी. नवख्याचे लक्ष विचलित होत नाही.)

वाचनालयात बारा जुने कॉम्प्युटर आहेत. त्यांच्यावरची विकतची सिस्टिम आता कंपनीने वाऱ्यावर सोडली. नवीन घ्यायला समितीकडे पैसे नाहीत. ग्रंथपालबाईंना मी सांगितले, भंगारात काढू नका, ‘आरंभ’ टाका, फुकट आहे आणि नवख्यांसाठीच आहे. त्या म्हणाल्या, एका मशिनवर टाकून दाखवा. एक मार्चला समिती स्वतः बसून बघेल. पसंत पडले तर बाराही मशिनवर. नाही तर भंगारवाला दोन तारखेला येणार आहे, त्याला सांगून ठेवलंय.

म्हणजे बारा मशिनांचा जीव माझ्या हातात. योग्य हात.

वर्षाचे संकल्प: (१) नवख्या माणसाला सोपे करायचे. (२) नवख्यांवर चिडायचे नाही. (३) बेल एकदाच वाजेल असे करावे, असे ही म्हणते. बघू.

५ जानेवारी

इतरांच्या फुकट सिस्टिम्स पाहिल्या. तीन-चार वेळा ‘पुढे’ दाबले की झाले सुरू! काही विचारत नाहीत, काही सांगत नाहीत. हे शिकवणे नव्हे, हे घास भरवणे. अशाने माणूस आयुष्यभर नवखाच राहतो.

‘आरंभ’ सुरू होण्यापूर्वी एकेचाळीस प्रश्न विचारते. एकेचाळिसावा प्रश्न संपेपर्यंत माणूस नवखा राहिलेलाच नसतो. इतकी साधी गोष्ट जगात कोणाला सुचली नाही याचे आश्चर्य वाटत नाही. जग पाहिले आहे.

९ जानेवारी, दुपारी

‘आरंभ’ इंटरनेटवर चढवली. संध्याकाळपर्यंत डाउनलोड: चार. पैकी तीन मीच केले (तपासणी). चौथा कोणीतरी आहे!

कुठे असेल तो? समुद्रापलीकडे बहुधा. इकडे कोणाला कदर आहे! मी त्याला ‘अज्ञात वापरकर्ता’ असे नाव दिले आहे. बारकाईने वाचणारा असणार. मितभाषी. चष्मा.

१४ जानेवारी

हिच्यावर चाचणी. प्रश्न तिसरा: ‘यंत्राचे होस्टनेम द्या.’ ही म्हणाली, म्हणजे काय द्यायचं? मी म्हणालो, मार्गदर्शिकेत आहे, पान ३१. ही म्हणाली, मार्गदर्शिका कुठाय? मी म्हणालो, कॉम्प्युटरमध्ये. ही म्हणाली, कॉम्प्युटर सुरू कधी होणार? मी म्हणालो, प्रश्न संपले की.  ही म्हणाली, अहो, म्हणजे कपाट उघडायचं कसं ते कपाटात लिहून ठेवलंय?

ढोबळ उदाहरण. पण नोंद केली: मार्गदर्शिका छापणे. ‘आरंभ: प्राथमिक ओळख, खंड पहिला’, पाने २१४.

१५ जानेवारी

पान १३१ वर शाई संपली. उरलेली ८३ पाने फिकट गुलाबी आली आहेत. खरा अभ्यासू वाचेल.

२० जानेवारी

आठवडाभर फक्त एकच काम: चुकांचे संदेश. हा माझा सर्वांत मोलाचा शोध. इतरांच्या सिस्टिममध्ये चूक झाली की ‘काहीतरी बिघडले’ असे मोघम सांगतात. काहीतरी काय? कोणी बिघडवले? ‘आरंभ’ तोंडावर सांगते. उदाहरणार्थ:

‘हे आधीच विचारले होते. लक्ष कुठे होते?’

‘उत्तर चुकले. पान ८८ पुन्हा वाचा.’ (ज्याने पान ८८ एकदाही वाचलेले नाही त्याला ‘पुन्हा’ या शब्दाने लाज वाटेल.)

‘आपल्याला वाचण्याची सवय नाही असे दिसते.’ हा तीन चुकांनंतर येतो, ठळक अक्षरांत, आणि बरोबर एक घंटी. आवाज कमी करता येत नाही. मुद्दामच.

एकूण संदेश १९. सगळे मीच लिहिले. ही चहा ठेवून गेली, पडद्यावर वाचले, म्हणाली, हे ग्राहकांना बोलता ते जरा तरी हळू आवाजात असतं. प्रतिक्रिया सकारात्मक समजतो.

२७ जानेवारी

ताईवर चाचणी. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, खालच्या मजल्यावर राहते. विमा कंपनीत एकतीस वर्षे टायपिस्ट. बोटे चलाख, डोके टायपिस्टाचे.

आल्या आल्या म्हणाली, बाळ्या, पेन्सिल दे. कॉम्प्युटरपुढे पेन्सिल! पण दिली. तिने पाठकोऱ्या कागदावर एकेक प्रश्न उतरवून घेतला, शेजारी काय दाबले तेही. सतरावा प्रश्न यायच्या आधीच म्हणाली, आता ते डिस्कचं विभाजन विचारेल बघ, आणि मग अडकायला होतं. आणि खरेच तोच आला. टायपिस्टांना एक प्रकारची आंधळी सवय असते, त्यातलाच प्रकार.

तिथे ती अडकली. (मी मदत केली नाही. तत्त्व.) घंटी वाजली. ताई म्हणाली, अरे, एकेचाळीसातले अडतीस प्रश्न असे आहेत की माणसाला त्यांचं उत्तर माहीतच नसतं, आणि तुला माहीत असतं. मग तूच का नाही देऊन टाकत? मी म्हणालो, मग त्याला काय कळणार? म्हणाली, त्याला पत्र लिहायचंय रे, कॉम्प्युटर नाही बांधायचा.

मग म्हणाली, मी एक पानभर लिहून देते, मोठ्या अक्षरात. मी हसलो. २१४ पानांचा विषय एका पानावर! वर हातांनी, पेन्सिलने!

३ फेब्रुवारी

अज्ञात वापरकर्त्याला उद्देशून वेबसाइटवर खुले पत्र टाकले. ‘आपण एकटे नाही.’ उत्तर नाही. त्याच्यासारखी माणसे उत्तरे देत बसत नाहीत, काम करत बसतात. माझेही तसेच आहे.

डाउनलोड: अजून चारच. संख्येला मी महत्त्व देत नाही. (आज नऊ वेळा पाहिले.)

१० फेब्रुवारी, सकाळी ११

कोपऱ्यावरच्या टेलरने कॉम्प्युटर दुरुस्तीला ठेवला होता. पंखा साफ करायचा होता. तो केलाच, वर ‘आरंभ’ टाकून दिली, काही न मागता. विकतची सिस्टिम काढली. माणसाला स्वातंत्र्य दिले म्हणायचे.

१० फेब्रुवारी, दुपारी ४

टेलर आला. गळ्यात टेप तशीच. म्हणाला, शेठ, हे काय केलंत, मला फक्त गिऱ्हाइकांची मापं लिहायचीत. ते म्हणतंय लक्ष कुठे होतं. माझं लक्ष कात्रीकडे होतं! मी म्हणालो, प्रश्न नीट वाचा. तो म्हणाला, वाचले, बायकोनंही वाचले, आता ती माझ्याशी बोलत नाही.

मापांची वही सुदैवाने कागदी होती. कॉम्प्युटर परत मागवून घेतला. विकतची सिस्टिम पुन्हा टाकली. अशा माणसाला स्वातंत्र्य पेलत नाही. पंखा साफ केल्याचे पैसेही द्यायला निघाला होता, घेतले.

१८ फेब्रुवारी

वाचनालयाच्या खिडकीजवळच्या मशिनवर ‘आरंभ’ बसवली. शेजारी मार्गदर्शिका ठेवली, सुतळीने टेबलाला बांधून. (वाचनालयातून पुस्तके जातात.) ग्रंथपालबाईंनी दोन पाने उलटली आणि म्हणाल्या, हे संदेश जरा सौम्य करता येतील का हो? मी म्हणालो, सौम्य सांगितलेले कोण ऐकते? त्या म्हणाल्या, इथे सगळे सौम्यच बोलतात, वाचनालय आहे. म्हणून तर तुमच्याकडे पुस्तके उशिरा परत येतात, असे मी सुनावले. 

घंटीचा आवाज मात्र वाचनकक्षात छान घुमतो.

२५ फेब्रुवारी

समितीच्या अध्यक्षांना पायऱ्यांवर भेटलो. निवृत्त पोस्टमास्तर. माणूस कडक, इस्त्रीचा. निवृत्तीपासून इथे रोज दहा ते बारा वाचत बसतो, सभासद तीस वर्षांचा. त्यांना म्हणालो, येणार ना एक तारखेला? ते म्हणाले, येतो की. नातू परदेशी आहे, त्याला पत्र लिहायला शिकायचंय. पोस्टातून पाठवलं की महिनाभर लागतो. पोस्टमास्तर पोस्टाबद्दल असे बोलतो! तरी आत्मविश्वास वाढला. गरज आहे तिथे निष्ठा येते.

ताईने विचारले, बाळ्या, त्या दिवशी मी येऊन बसू का शेजारी? म्हणालो, नको. नवख्याला नवख्याची सोबत घातक.

१ मार्च, सकाळी ९.२०

पांढरा शर्ट. डावा खिसा: खंड पहिल्याची शुद्धिपत्रे. उजवा खिसा: समितीने प्रश्न विचारल्यास उत्तरे, विषयवार. आज संध्याकाळी बारा मशिनवर ‘आरंभ’. उद्या आणखी वाचनालये. तसे मोठे काही डोक्यात नाही. फक्त वर्तमानपत्राने विचारले तर फोटो उजव्या बाजूने घ्यावा.

१ मार्च, दुपारी ३

तटस्थपणे लिहितो.

अध्यक्ष बसले. चष्मा पुसला. समितीचे पाच जण आणि नेहमीचे वाचक असे वीसेक माणसे मागे उभी. पहिले दोन प्रश्न त्यांनी व्यवस्थित पार केले. मी मागून मान हलवून उत्तेजन दिले. तिसऱ्याला अडले. होस्टनेमच्या (म्हणजे यंत्राच्या नावाच्या) जागी त्यांनी आपले पूर्ण नाव घातले, आडनावासकट, मध्ये जागा सोडून. ‘उत्तर चुकले. पान ३१ पुन्हा वाचा.’ ते शांतपणे पान ३१ वर गेले. वाचले. मग वर बघून म्हणाले, मी पहिल्यांदाच वाचतोय, पुन्हा नाही. कोणीतरी हसले.

दुसऱ्यांदा त्यांनी ‘पोस्टमास्तर’ असे टाकले. प्रश्न इंग्रजी अक्षरे मागत होता, ते पान ३२ वर आहे. ‘हे आधीच विचारले होते. लक्ष कुठे होते?’ मागून जरा मोठे हसणे. अध्यक्षांचे कान लाल. मी म्हणालो, घाई करू नका, अजून अडतीसच आहेत.

तिसऱ्यांदा त्यांनी काय टाकले ते मला दिसले नाही, कारण तोवर घंटी वाजली होती. अख्ख्या वाचनकक्षात. मान खाली घालून वाचणारे सगळे उभे राहिले. आणि पडद्यावर, ठळक अक्षरांत, हाताएवढ्या:

‘आपल्याला वाचण्याची सवय नाही असे दिसते.’

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. अध्यक्षांनी चष्मा काढला, घडी केली, पेटीत ठेवला, पेटी खिशात ठेवली. मग ग्रंथपालबाईंना म्हणाले, बाई, माझं कार्ड किती वर्षांचं आहे ते यांना दाखवा. बाई म्हणाल्या, राहू दे हो. ते म्हणाले, नाही, दाखवा. बाईंनी कार्ड आणून दाखवले. मी पाहिले. कडा झिजलेल्या, शिक्क्यावर शिक्के.

मी म्हणालो, संदेश स्वयंचलित आहे, व्यक्तिगत घेऊ नये. ते म्हणाले, मी कुठे व्यक्तिगत घेतोय, मशिन कुठे माझ्याशी बोललं. लिहिणारा बोलला.

मग गेले. दहा ते बारा संपायला चाळीस मिनिटे असताना.

१ मार्च, सायंकाळी ६

कारणे: (१) खुर्ची उंच होती. (२) पान ३२ गुलाबी छपाईत नाही, तरी त्यांनी उलटले नाही, हे लक्षात घ्यावे. (३) पोस्टमास्तरांना आयुष्यभर दुसऱ्यांची पाकिटे वाचायची सवय, आतले नाही. (४) भंगारवाला. बारा मशिनांचा घास जाणार म्हटल्यावर त्याने काही केले असेल, सांगता येत नाही.

ही म्हणाली, जेवून घ्या.  बेल मात्र दोनदा वाजली, कोणीतरी येऊन गेले. दार उघडले नाही.

५ मार्च

ग्रंथपालबाईंचा फोन. भंगारवाल्याला परत पाठवले, मशिने वाचली, असे म्हणाल्या! मी म्हणालो, समितीने पुन्हा विचार केला म्हणायचा. त्या म्हणाल्या, हो, तुमच्या ताई आल्या होत्या, दोन तारखेला सकाळीच, भंगारवाल्याचा टेंपो दारात उभा असताना.

ताईने माझी ‘आरंभ’ टाकलीच नाही. दुसऱ्या कोणाची तरी फुकट सिस्टिम टाकली. तसलीच, तीन-चार वेळा ‘पुढे’ दाबले की सुरू होणारी. बारा मशिने, दोन दुपारी. आणि प्रत्येकावर पेन्सिलने लिहिलेले एक पान चिकटवले.

सख्ख्या बहिणीने पाठीत खंजीर खुपसला. तोही दुसऱ्याच्या तलवारीचा!

७ मार्च, सकाळी ११.३०

पाहणीसाठी गेलो (फक्त पाहणी). बारातली अकरा मशिने भरलेली. खिडकीजवळच्या मशिनवर अध्यक्ष. एका बोटाने टाइप करत होते, अक्षर शोधत, सापडले की जरा खूश होत. नातवाला लिहीत होते. पडद्याकडे मी पाहिले नाही, पण एवढे दिसले की पहिल्याच ओळीत ‘मी हे स्वतः लिहीत आहे’ असे होते.

मशिनच्या कडेला ताईचे पान. टायपिस्टाचे ठसठशीत अक्षर, ओळी सरळ. ‘१. हिरवे बटण दाबा, थोडे थांबा. २. निळ्या पत्रावर दोनदा टिचकी. ३. लिहा. चुकले तर मागचा बाण, काही मोडत नाही. ४. अडले तर मंगळवारी किंवा शुक्रवारी मी इथे असते.’

काही मोडत नाही! हे कसले तांत्रिक विधान! खोटे नाही, पण असे सरळ लिहून टाकायचे?

ताई तिथेच होती, एका बाईंना टिचकी शिकवत. मला बघून म्हणाली, ये बाळ्या. मी म्हणालो, मी कशाला येऊ, माझी सिस्टिम वापरणारा मनुष्य परदेशात आहे, त्याची तुम्हा कोणाला सर येणार नाही. ताई म्हणाली, कोण मनुष्य? मी म्हणालो, चौथा. नऊ जानेवारीचा.

 ताई त्या बाईंचा हात माउसवर ठेवून मला बाजूला घेऊन म्हणाली, अरे, तो मीच रे. तू दिवसभर आकडा बघत होतास, तीनच होते. मला वाईट वाटलं. मग घरी लावून पण बघितली. सतराव्या प्रश्नाला तीन दिवस अडकले होते.

मी विचारले, चष्मा तरी लावतेस ना वाचताना?

म्हणाली, लावते की. का?

८ मार्च

सकाळी बेल एकदाच वाजेल अशी केली. तांत्रिक कारण: स्प्रिंग झिजली होती.

९ मार्च, दुपारी १

ग्रंथपालबाई आणि अध्यक्ष, दोघे दुकानात आले. अध्यक्षांनी नमस्कार केला, मीही केला. त्यांनी देकार मांडला. मी ऐकून घेतला. ताईला एकटीला गर्दी झेपत नाही, म्हणे. मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा, ताईच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे, नवीन येणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. अटी तीन, अध्यक्षांनी स्वतः टाइप करून आणलेल्या, एका पानावर, मोठ्या अक्षरात: उत्तर एका वाक्यात. पान क्रमांक सांगायचा नाही. ‘पुन्हा’ म्हणायचे नाही.

टायपिंगमध्ये दोन चुका होत्या. दाखवल्या नाहीत.

देकार नाकारला. शेवटी दरमहा नऊशेवर ठरले, चहा धरून.